मुलाखतीआधी येऊन गेलेला माणूस

"माऊस सोडा, ताई. दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि आधी नुसतं बघा," नाझनीन मॅडम म्हणाल्या.

मी माऊस सोडला. इतका घट्ट धरला होता की तळहाताला घाम आला होता.

"काय दिसतंय?"

"चौकोन."

"वर काय लिहिलंय?"

"ए, बी, सी, डी. आणि बाजूला एक, दोन, तीन."

"आपल्या जयसिंगपुरासारखंच आहे बघा. गल्ली नंबर आणि घर नंबर. प्रत्येक चौकोनाला पत्ता आहे. पत्ता सांगितला की एक्सेल तिथं जाऊन आणतं. एवढं कळलं की निम्मं आलं."

मला काही ते निम्मं त्या दिवशी आलं नाही. क्लास मेडिकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला कॉलेजची पोरं बसायची आणि गाणी गुणगुणत टायपिंग करायची. मी लग्नाआधी बी.कॉम. झाले होते, पण आमच्या वेळी कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप असायचं. नाझनीन मुल्ला माझ्याहून वयानं लहान. बोलणं तुटक, पण चूक झाली की हसायच्या नाहीत. मला त्या ताई म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम.

फी भरली होती माझ्या नवऱ्यानं, भरतेशनी. स्टेशन रोडला त्यांचा मोटार रिवायंडिंगचा वर्कशॉप होता, अजूनही आहे. जळलेल्या पंपाच्या मोटारी यायच्या, त्यांची जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरायची, असं ते काम. क्लासचं मी सांगितलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले होते.

"जा की. वेळ जाईल तुझा. आणि नाही जमलं तर सोडून दे, पद्मा. कुणी काही विचारणार नाही."

आमच्या घरात मला कुणी कधी काही विचारायचंच नाही. भाजी खारट झाली तरी सगळे निमूट जेवायचे. बाहेरच्यांना हेवा वाटायचा.

क्लासला जायला लागून महिना झाला असेल. मी एका कोष्टकात रकमा भरत होते. अचानक एका पूर्ण रकान्यात आकड्यांच्या जागी बारीक बारीक जाळीच्या खुणा आल्या. मी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. खुणा तशाच. मी पर्स उचलली आणि जिन्याकडे निघाले.

"ताई, कुठं?"

"माझ्याकडून बिघडलं काहीतरी. मला नाही यायचं हे."

त्या माझ्या मशीनपाशी गेल्या, रकान्याच्या कडेला माऊस नेऊन जरासा ओढला. सगळे आकडे जागच्या जागी दिसायला लागले.

"काही बिघडलेलं नाही. रकाना अरुंद होता. बसा."

"मला विसरायला होतं मॅडम. काल शिकलेलं आज आठवत नाही."

"सगळ्यांनाच होतं. व्ही-लुकअपचं सूत्र मी स्वतः दर वेळी बघून लिहिते."

"माझं वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे?"

मी जिन्याकडे बघितलं. त्यांनी परत विचारलं नाही. खुर्ची पुढं ओढून दिली, एवढंच.

पुढं पावसाळा संपता संपता त्यांनी माझ्यासमोर पेपरातली एक जाहिरात ठेवली. गावाबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजला कार्यालय सहायक पाहिजे होता. पदवी, मराठी टायपिंग, वर्ड आणि एक्सेल.

"अर्ज करा."

"मी?"

"मग काय मी? माझा क्लास कोण बघणार?"

त्या दिवसापासून शिकवणं बदललं. आता त्या मला ऑफिसात बसवल्यासारखं वागवायच्या. प्राचार्यांचं पत्र तयार करा. हजेरीची टक्केवारी काढा, पंचाहत्तरच्या खालचे लाल करा. पत्र एकच, पण प्रत्येकावर वेगळं नाव आणि वेगळा पत्ता पाहिजे, मग मेल मर्ज कसं करायचं ते दाखवा. मी चुकले की सगळं पुसून म्हणायच्या, "पहिल्यापासून." घरी तेजलचा कॉम्प्युटर होता. तेजल माझी मुलगी, तेव्हा दहावीत. ती शिकवणीला गेली की मी त्यावर सराव करायचे. अर्जाबद्दल मात्र घरात कुणाला सांगितलं नव्हतं. का ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

एका संध्याकाळी मेल मर्ज काही केल्या जमेना. पत्रात नावं यायची, पण पत्ते दुसऱ्याच माणसांचे. भरतेश बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तेजल येऊन म्हणाली, "आई, उठ ना. मला प्रोजेक्ट करायचाय. आणि भूक लागलीय."

"आज मी स्वयंपाक करणार नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता. "रोज मीच उठायचं का? एक दिवस तुम्ही बघा काय ते. मला हे पुरं करायचंय."

कुठल्याही घरात असं बोलणं होतं. पण आमच्या घरात एकदम शांत झालं. पेपर खाली आला. भरतेशनी तेजलकडे बघितलं, तेजलनं त्यांच्याकडे. मग ती माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "आई, गोळी घेतलीस का तू?"

माझ्या गोळ्या ती बालवाडीत असतानाच बंद झाल्या होत्या. तिनं मला गोळी घेताना बघितल्याचं तिला आठवणंही शक्य नव्हतं. हे वाक्य तिनं घरात ऐकून ऐकून उचललं होतं. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, मग हे म्हणायला लागले. मी जरा रागावले, जास्त हसले, सणाला रडू आलं की हे वाक्य यायचं. तिच्या तोंडून ते पहिल्यांदा आलं, आणि मी उठून पिठाचा डबा काढला.

तेजल झाली त्यानंतर मी काही दिवस मिरजेला दवाखान्यात होते. मला त्यातलं थोडंच आठवतं. झोप नाही, सारखं रडू, लोखंडी खाट आणि खिडकीला जाळी. परत आले तेव्हा तेजलला सासूबाईंच्या कुशीत झोपायची सवय लागून गेलेली होती, आणि ती सवय कुणी मोडू दिली नाही. मी अंघोळ घालायला घेतली तरी दारात कुणीतरी उभं असायचं. मला काय झालं होतं, हे मी विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, "तुला बरं नव्हतं."

मुलाखतीचा फोन घरी आला आणि तो भरतेशनी उचलला.

"कुठल्या कॉलेजातनं फोन होता. तुझी मुलाखत आहे म्हणे."

"होय. अर्ज केला होता."

"मला बोलली नाहीस."

"बोलणार होते."

मला वाटलं रागावतील. पण त्यांनी तारीख विचारली, भात मागितला, आणि विषय तिथंच संपला. मला हायसं वाटलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी नेहमीची, इस्त्री केलेली साडी नेसले. आधी प्रॅक्टिकल होतं. ऑफिसातल्या एका बाईंनी मला मशीनसमोर बसवलं आणि कागद दिला. गैरहजर विद्यार्थ्यांच्या पालकांना पत्रं पाठवायची होती. हजेरीचा तक्ता तयार होता, त्यातून कमी हजेरीवाले वेगळे काढायचे आणि प्रत्येकाच्या नावानं मराठीत पत्र करायचं.

पहिलाच शब्द टाईप केला तर पडद्यावर भलतीच अक्षरं आली. क्षणभर परत जिन्याकडे पळावंसं वाटलं. मग लक्षात आलं, इथला फॉन्ट वेगळा आहे. तो बदलला. 'प्रिय पालक' नीट उमटलं. त्यानंतर मला आजूबाजूचं काही ऐकू आलं नाही. तक्ता चाळला, नावं वेगळी झाली, पत्र जोडलं, आणि शेवटचं बटण दाबल्यावर एकामागून एक पत्रं तयार होत गेली. खोत, कोळी, नदाफ, पाटील. ज्याचं नाव त्याचाच पत्ता. मी दोनदा तपासलं. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या हातून असं काहीतरी झालं होतं, की ते होत असताना माझ्या मागं कुणी उभं नव्हतं.

बाई कागद घेऊन गेल्या आणि थोड्या वेळानं मला आत बोलावलं. आत दोघं होते. कॉलेजचे प्राचार्य बोरगावे सर आणि संस्थेचे सेक्रेटरी शिरगुप्पे साहेब. बोरगावे सरांनी शिक्षण विचारलं, एक्सेलमधलं एक-दोन विचारलं. मी सांगितलं. मग शिरगुप्पे साहेब बोलायला लागले.

"प्रवेशाच्या दिवसांत इथं फार गर्दी असते. पालक चढ्या आवाजात बोलतात."

"चालेल, साहेब. समजावून सांगेन."

"कधी कधी उशिरापर्यंत थांबावं लागतं. दगदग होते."

"तयारी आहे माझी."

"तसं नव्हे." ते जरा पुढं झुकले. "नोकरी काय, आज आहे उद्या नाही. तब्येत महत्त्वाची. तुम्ही पाणी घ्या आधी. घ्या, घ्या."

त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला, आणि तो आवाज मी ओळखला. रोज घरी ऐकत होते तोच मऊ, जपून टाकलेला आवाज. या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होते.

"आमचे हे इथं येऊन गेले का?" मी विचारलं.

बोरगावे सर समोरच्या कागदांकडे बघायला लागले. शिरगुप्पे साहेब म्हणाले, "भरतेशचे आणि आमचे जुने संबंध. कॉलेजच्या बोअरची मोटार त्यांच्याकडंच जाते. सहज विषय निघाला. काळजीनंच बोलले हो ते."

"काय बोलले?"

"ते आता कशाला…"

"साहेब, मुलाखत माझी आहे. मला कळायला पाहिजे."

बोरगावे सरांनी मान वर केली. "तुम्ही मागे आजारी होता, मनाचा आजार होता, ताण आला तर परत होऊ शकतं, असं म्हणाले. तुम्हाला घेऊ नका असं म्हणाले नाहीत. पण विचार करा म्हणाले."

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"खरं आहे ते. मिरजेला होते मी. मुलगी झाली तेव्हा. ती आता दहावीला आहे. गोळ्या बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. मघाशी मी केलेली पत्रं तुमच्यापुढं आहेत, सर. ती बघून ठरवा."

"कळवू आम्ही," शिरगुप्पे साहेब म्हणाले.

घरी न जाता मी रिक्षानं थेट वर्कशॉपला गेले. आत वॉर्निशचा वास भरला होता. भरतेश स्टुलावर बसून गुंडाळीवर तार चढवत होते. मला बघून त्यांना कळलं असणार. त्यांनी शेजारी काम करणाऱ्या नेमाण्णांना सांगितलं, "तुम्ही जरा चहा घेऊन या." नेमाण्णा माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

"तुम्ही माझ्या आधी तिथं जाऊन आलात."

त्यांनी तार सोडली नाही. "होय."

"माझ्या मागं."

"तुला सांगून गेलो असतो तर जाऊ दिलं असतंस?"

"मी वेडी आहे असं गावाला सांगून तुम्हाला काय मिळालं?"

"वेडी म्हटलं नाही मी. कुणाला म्हणूही देणार नाही." त्यांचा हात थांबला. "तिथं काही झालं असतं आणि माझ्यापर्यंत निरोप यायला उशीर झाला असता तर?"

"काय झालं असतं? रडले असते. रडू येणं हा काय गुन्हा आहे का? झोप लागत नव्हती, रडत होते, एवढंच तर झालं होतं मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं माझा राग कुठल्या कुठं गेला आणि नुसती भीती राहिली.

"एवढंच नव्हतं," ते म्हणाले.

"मग?"

"राहू दे, पद्मा."

"नाही. आज सांगा."

त्यांनी गुंडाळी खाली ठेवली आणि हात पुसायला फडकं घेतलं. तेच फडकं धरून ते बोलत राहिले.

"तू घरात नव्हतीस. पहाट होती. पाळणाही रिकामा. मी आधी विहिरीकडं पळालो, मग तुझ्या मावशीकडं. कुणीतरी म्हणालं, रेल्वे फाटकाच्या बाजूला एक बाई गेली. मी पोचलो तेव्हा फाटकवाल्यानं तुला बाजूला आणून बसवलं होतं. तू रुळांत बसली होतीस. गाडी यायची वेळ झाली होती. तेजल तुझ्या मांडीवर होती."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

"मी?"

"तुला काही समजत नव्हतं तेव्हा. मी हाक मारली तर म्हणालीस, बाळाला गाडी दाखवायला आणलंय. हसत होतीस."

मी आठवायचा प्रयत्न केला. रूळ, फाटक, पहाट. काहीच आलं नाही. कुणी दुसऱ्याच बाईची हकिगत सांगावी तशी ती माझ्यासमोर पडून होती.

"फाटकवाल्याचे पाय धरले मी. कुणाला बोलू नका म्हटलं. आईला सांगितलं आणि मिरजेच्या डॉक्टरांना. बस. तुझ्या माहेरीसुद्धा नाही."

"दुसरं मूल नको म्हणालात…"

"डॉक्टरच म्हणाले होते. परत होऊ शकतं, पुढच्या बाळंतपणात जास्त."

त्यावरून मी किती वर्षं स्वतःला छळलं होतं. मला वाटायचं यांचं माझ्यावरून मन उडालं. एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा ते नुसते उठून अंगणात गेले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगायचं? सांगितलं असतं तर तू तेजलकडं कशी बघितली असतीस?"

"ते मी बघितलं असतं. मला माहीत असतं तर मीच माझ्यावर लक्ष ठेवलं असतं. तुम्हाला एकट्याला ठेवायला लागलं नसतं."

त्यांनी फडकं तोंडावर धरलं. त्यांचे खांदे हलताना मी पहिल्यांदाच बघितले. नेमाण्णा चहा घेऊन दारात आले आणि तसेच मागं फिरले. जवळ जाऊन बसायची माझी इच्छा होती, पण मी होते तिथंच उभी राहिले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याविषयी पोटात तुटतही होतं, आणि त्या दोन्हींतलं एकही बाजूला ठेवता येत नव्हतं.

त्या आठवड्यात मी त्यांना घेऊन मिरजेला गेले. जुने डॉक्टर वारले होते. नव्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं विचारलं आणि मग सरळ शब्दांत सांगितलं. हा आजार बाळंतपणाशी जोडलेला असतो, तो ओळखता येतो, त्याच्यावर औषध आहे, आणि इतकी वर्षं नीट गेलेल्या बाईनं नोकरी करायला काहीच हरकत नाही. भरतेशनी दोनदा विचारलं, "नक्की ना?"

घरी येऊन मी काही दिवस तेजलच्या जवळ जायला बिचकत होते. ती झोपली की तिच्याकडे बघत बसायचे. तिला जे झालं नाही तेच मला दिसत राहायचं. यांचं म्हणणं त्या दिवसांत मला पटलं, हे खोटं कशाला सांगू. पण माहीत नसलेलं बरं होतं, असं मात्र एकदाही वाटलं नाही.

कॉलेजचा फोन आला नाही. तिथं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. माझं काम कमी पडलं की यांचं बोलणं आड आलं, ते मला कधी कळलं नाही. क्लासला जाऊन मी नाझनीन मॅडमना सगळं सांगितलं, रुळांपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मला पाणी दिलं नाही की आवाज मऊ केला नाही.

"पिव्होट टेबल राहिलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "उद्या लवकर या."

दुसऱ्या वर्षी सांगलीतल्या एका नेत्र रुग्णालयाच्या ऑफिसात मुलाखत झाली. शेवटी मीच म्हणाले, "माझ्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मी सांगते." सांगून झाल्यावर समोरच्या बाईंनी विचारलं, "मराठी टायपिंगचा स्पीड किती?" तिथं मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. पहिली काही वर्षं भरतेश दुपारी फोन करायचे. मग आठवड्यातून एकदा. मग कधीतरी, ते पण घरी येताना काय आणायचं ते विचारायला.

तेजल अठरा वर्षांची झाली तेव्हा मी तिला सांगितलं. मग तिनं विचारलं, "मी रडत होते का तिथं?" मी म्हणाले, "माहीत नाही. बाबांना विचार." तिनं विचारलं. ते म्हणाले, "नाही. झोपली होतीस."

गेल्या वर्षी ती बाळंतपणाला आमच्याकडे आली. बाळ झाल्यावर थोड्या दिवसांनी, सकाळी मी खोलीत गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती. बाळ मांडीवर होतं.

"आई," ती म्हणाली, "मला झोप लागत नाहीये. डोळे मिटले की कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं. मला भीती वाटतीय."

"बाबांना गाडी काढायला सांगते," मी म्हणाले.

आम्ही मिरजेला निघालो. मी मागं तिच्या शेजारी बसले. गाव संपल्यावर भरतेशनी गाडी कडेला घेतली आणि वळून मागं बघितलं. त्यांचे स्टेअरिंगवरचे हात मला दिसत होते, बोटं पांढरी पडली होती.

"तेजू," त्यांनी विचारलं, "बाळ आईकडं द्यायचं का? का राहू दे तुझ्याजवळ?"

तिनं बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"राहू दे माझ्याजवळ," ती म्हणाली. "आई आहे शेजारी."

मग समोर बघून त्यांनी गाडी सुरू केली.